गुडघाभर समुद्राचा कप्तान

उजव्या हाताचं पहिलं बोट तोंडात घालून ओलं करायचं, पंगतीत बसलेल्यानं आणखी एक जिलबी मागावी तसं ते वर धरायचं, डोळे मिटायचे, जरा थांबायचं आणि तेच बोट पुन्हा तोंडात घालून चव घ्यायची.

"वारं खारं झालंय," कप्तान सांगायचा. "समुद्र आज बिघडनार."

समुद्र म्हणजे मुळा धरण. राहुरी तालुक्यात खरा समुद्र नाही, हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, गुराढोरांनाही माहीत आहे. मधे अख्खा सह्याद्री आडवा पडलेला. तो ओलांडून खारा वारा आमच्याकडे यायचा म्हणजे त्याला कल्याणहून एस्टीचं रिझर्वेशन करून, माळशेजचा घाट चढून यावं लागेल. पण कप्तानासमोर हे बोलायची सोय नव्हती. "तुमच्या बोअरचं पानी पिऊन बघा," तो म्हणायचा, "उसाला पाजून पाजून निम्मा तालुका खारट झालाय. आता समुद्र खारा असायला आनखी काय पायजे?"

माझ्या बोअरचं पाणी असं होतं की त्यात शिजवलेल्या डाळीला मीठ घालावं लागत नसे. (बायको म्हणते घालावं लागतं. तिला अतिशयोक्तीची आवड नाही.)

कप्तानाचं खरं नाव मी सांगणार नाही. ते त्याच्या आधारकार्डावर होतं आणि त्यानंही तिथंच सोडून दिलं होतं. धरणाच्या फुगवट्याच्या काठावर माझी दूध डेअरी. समोर पाण्यात एक टेकाड, त्यावर मूठभर घरं, एक छोटं देऊळ आणि एक त्याहून छोटं चर्च. धरण भरलं की टेकाडाला चहूकडून पाणी लागतं आणि त्याचं बेट होतं. धरण उतरलं की काठापासून टेकाडापर्यंत मातीचा एक दांड उघडा पडतो आणि माणसं त्यावरून मोटारसायकलनं ये-जा करतात. सगळा गाव त्याला टेकाड म्हणायचा. एकटा कप्तान बारा महिने बेट म्हणायचा. मे महिन्यात पाहुणा धुरळा उडवत, बुलेटवरून त्याच्या दारात आला आणि म्हणाला, "कप्तान, बेट कुठाय?" तर हा शांतपणे म्हणायचा, "ओहोटी हाय."

आमच्याकडची ओहोटी सात-आठ महिने चालायची. भरती कधी, हे चंद्रावर नाही, नदीच्या वरच्या अंगाला, कोतूळकडं पडणाऱ्या पावसावर ठरायचं.

आता जहाजाबद्दल सांगतो. बंद पडलेल्या गुऱ्हाळातून कप्तानानं एक काहील आणली होती. उसाचा रस आटवायची ती भली मोठी लोखंडी कढई. मांडी घालून चार माणसं आणि दुधाच्या दोन किटल्या त्यात आरामात मावायच्या. पोळ्याला अख्ख्या पंचक्रोशीतल्या बैलांची शिंगं कप्तान रंगवायचा. त्या उरलेल्या रंगात त्यानं काहील बाहेरून रंगवली. लाटा, मासे, कासवं, एक देवमासा. त्यानं आयुष्यभर शिंगंच रंगवलेली असल्यामुळे हात वळायचा तिकडेच वळला, आणि एकूणएक माशाला शिंगं आली. देवमाशाला तर शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्याही होत्या आणि गळ्यात घुंगरमाळ. मी म्हटलं, "कप्तान, माशाला शिंगं नसतात."

"खोल समुद्रातल्याला असतात. तुमी खोल गेलाय का कधी?"

गेलो नव्हतो. आमच्याकडे खोल जायचं तर विहिरीत.

काहिलीचा एक दोष होता. ती गोल. तिला पुढं नाही, मागं नाही. बांबूनं एकीकडून ढकललं की ती पुढं जायच्या आधी स्वतःभोवती दोन गिरक्या घ्यायची. नवखा माणूस काठावर उतरल्यावर बराच वेळ बाभळीला मिठी मारून उभा राहायचा. आमचा फॅट तपासणारा पोरगा एकदा बसला आणि दुसऱ्या दिवशीही मशीनवरचे आकडे उलटे वाचत होता. पण कप्तानानं या दोषाची कला केली. बेटावरच्या बायाबापड्यांना त्यानं गिरक्यांचा नाच बसवून दिला आणि त्याला गाणंही रचलं. हार्मोनियम तो चर्चमध्ये वाजवायचाच. गाणं असं:

हाकल काहील, हाकल गं बाई,
समुद्र आमचा, किनारा न्हाई.

किनारा होता. किनाऱ्यावर माझी डेअरी होती. बेटावरून तिच्या पाटीवरचा मोबाईल नंबरसुद्धा वाचता यायचा. पण गाणं इतकं रंगायचं की मीही पाटीखाली उभा राहून, मोठ्यानं, "किनारा न्हाई" म्हणायचो.

पाळकसाहेबांनी एकदा त्याला समजावून पाहिलं. उपासना संपल्यावर म्हणाले, "अरे, हे धरण आहे. याला समुद्र म्हणू नये."

"बायबलातला गालीलचा समुद्र खारा का गोडा, पाळकसाहेब?"

पाळकसाहेबांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग हळूच, "गोडाच. तसं ते सरोवर आहे."

"त्याला समुद्र म्हनायचं तर आमच्याला का न्हाई?"

"तो खूप मोठा आहे रे."

"त्यांच्याकडं गाळ काढत असतील येळच्या येळी," कप्तान म्हणाला. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी काहिलीला आशीर्वाद दिला. देवळातल्या पुजाऱ्यानं त्याआधीच नारळ फोडला होता. काहील दोन्हीकडून पक्की झाली.

बेटावरचं दूध कप्तान रोज काहिलीतून माझ्या डेअरीवर आणायचा. त्यात पाणी निघालं की मी त्याच्याकडे बघायचो. "लाट आली दुधात," तो म्हणायचा. "भर समुद्रात कोनाकोनाला आडवनार?"

एक रिवाज मात्र थट्टेचा नव्हता. काठावरून निघताना कप्तान किटलीवर झाकण आपटायचा. ठण. समोर बेटावर चर्चच्या लिंबाला नांगराचा एक जुना लोखंडी तवा टांगलेला होता, त्यावर लगेच हातोडीनं उत्तर यायचं. टण. मग पुन्हा ठण, पुन्हा टण, काहील लागेपर्यंत. हे त्याच्या बायकोनं सुरू केलं होतं. पावसाची सर आली की पाण्यावर काही दिसत नाही आणि काहील तर फिरत असते. फिरणाऱ्या माणसाला घर कुठल्या अंगाला आहे ते कळत नाही. आवाज आला की कळतं. बायको गेली, तेव्हापासून तवा त्याची मुलगी एस्तेर वाजवायची. ती शिकायला बाहेर गेली तेव्हा शेजारच्या घरांनी पाळ्या लावून घेतल्या. उन्हाळ्यात, कोरड्या दांडावरून मोटारसायकलवर येतानासुद्धा कप्तान हॉर्न द्यायचा आणि वरून टण यायचं. त्याशिवाय तो गिअर टाकत नसे.

एस्तेर नर्स झाली. मुंबईच्या अलीकडं, समुद्रकाठच्या एका दवाखान्यात लागली. तिथंच रक्त तपासणारा एक मुलगा तिला आवडला. ख्रिस्ती कोळ्याचा, राहणार एका बेटावर. खऱ्या बेटावर, ज्याला मे महिन्यातही चारी बाजूंनी पाणी असतं. मुलगा तयार, मुलगी तयार. आडवी आली मुलाची मावशी. आईमागं तिनंच त्याला वाढवलेलं. तिचं म्हणणं एकच. घाटावरची मुलगी बेटावर टिकायची नाही. तिच्या घरात अशी एक सून आणलेली होती. होडीच्या भीतीनं ती माहेरी गेली ती परत आलीच नाही. "मुलगी गुणाची असेल," मावशी म्हणाली होती, "पण दर्याची नाय."

हे एस्तेरनं बापाला फोनवर रडत सांगितलं. दुसरा कुणी बाप असता तर म्हणाला असता, बघू, देव करील ते. कप्तान म्हणाला, "तिला सांग, मुलगी बेटावरचीच हाय. सात पिढ्यांची दर्याची मानसं. घर बघायला या म्हनावं."

सात पिढ्या. धरणालाच दोन पिढ्या जेमतेम झाल्या होत्या.

मावशीनं निरोप धाडला, नारळी पौर्णिमेच्या आधी येते. मासेमारी सुरू व्हायच्या आधी तिला सवड होती. कप्तानानं हिशेब केला, तोवर भरती येईल. आणि त्या वर्षी कोतूळकडं पाऊस असा रुसला की ढग यायचे, डोकवायचे आणि नाशिककडं निघून जायचे. धरण हललं नाही. दांड उघडाच. त्यावर कुणीतरी कडब्याची गंजसुद्धा लावून ठेवलेली.

आम्ही त्याला म्हणालो, खरं सांगून टाक. तो बोट ओलं करून वर धरून बसला होता. "समद्यांनी मिळून एक दिवस बेट धरून ठेवायचं," तो म्हणाला. "माझ्या पोरीचं घर हाय त्याच्यावर."

मग योजना ठरली. दांड पूर्वेच्या अंगाला. पाहुण्यांना डेअरीच्या मागून पश्चिमेच्या अंगाला न्यायचं. तिथं पाणी होतं, दिसायला ऐसपैस, पार टेकाडापर्यंत. खोली गुडघाभर. तेवढ्यात काहील तरंगते. दांडाकडं पाहुण्यांची नजर जाऊ नये म्हणून तिकडच्या बाजूला मी टेम्पो आडवा लावायचा. आणि कप्तानाच्या म्हशी मी माझ्या गोठ्यात बांधून ठेवायच्या, कारण त्यांना दुपारी पाण्यात बसायची सवय. एवढी दोनच कामं माझ्याकडे होती. टेम्पो मी उत्तम लावला.

मावशी आली. उंचीला बेताची, पण उभी राहिली की वाटायचं नांगर टाकलाय. नऊवारी पातळ, केसांत अबोलीचा गजरा, हातात बर्फाच्या पेटीतून आणलेली पापलेटं. बरोबर मुलगा. त्यानं काहील बघितली आणि मोबाईल काढून शूटिंगच सुरू केलं. मावशीनं काहिलीला एक प्रदक्षिणा घातली, देवमाशाच्या शेंब्या पाहिल्या, घुंगरमाळ पाहिली.

"याची नाळ कुठली?" तिनं विचारलं. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, ते मला नंतर मुलानं सांगितलं.

"आमच्यात सगळीकडून नाळ असते," कप्तान म्हणाला. "बसा, मावशी."

मावशी बसली, मुलगा बसला, मी बसलो. कप्तानानं किटलीवर झाकण आपटलं. ठण. समोरून, रजा काढून घरी आलेल्या एस्तेरनं उत्तर दिलं. टण. मावशीनं मान वर करून तिकडं बघितलं. कप्तानानं बांबू रोवला आणि आम्ही समुद्रात शिरलो.

पाच मिनिटं सगळं सुरळीत चाललं होतं. कप्तान तालात होता. या समुद्रात त्याच्या आजोबांनी बघितलेली वादळं सांगत होता. मी मान डोलावत होतो. तेवढ्यात माझ्या गोठ्यातून दावं तोडून आलेली कप्तानाची मोठी म्हैस आमच्या पुढ्यातून, भर समुद्रातून, चालत निघाली. पाणी तिच्या गुडघ्याला. मागून दुसरी. दोघी मधोमध थांबल्या आणि आमच्याकडे बघत रवंथ करू लागल्या.

मावशीनं म्हशींकडे पाहिलं. मग कप्तानाकडे.

"पोहतात," कप्तान म्हणाला.

"पाय टेकवून?"

"इकडची जात तशी हाय."

मावशी काहिलीच्या काठावरून वाकली. शिंगवाल्या माशांकडे तिनं पुन्हा नीट बघितलं. "म्हणून तुमच्या मासळीला शिंगां," ती म्हणाली. तिच्या तोंडावर हसू नव्हतं. बाकी सगळ्या तोंडांवरचं होतं तेवढंही गेलं. मुलानं मोबाईल खिशात ठेवला. कप्तान नुसता बांबू धरून उभा होता, आणि समोर बेटावर एस्तेर तवा वाजवत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. टण. टण. कप्तानानं झाकण आपटलंच नाही.

आता पुढचं तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मी डेअरीवाला आहे, माझ्या मापावर विश्वास ठेवा. महिनाभर रुसलेला पाऊस त्या क्षणी आला. सर अशी की थेंब नव्हतेच, धरण उभं राहून आमच्या अंगावर आलं. वारा सुटला आणि काहील फिरू लागली. जात्यासारखी. नंतर मिक्सरसारखी. टेकाड गेलं, डेअरी गेली, म्हशी गेल्या. मला तीनदा माझंच तोंड समोरून जाताना दिसलं. कप्तान ओरडत होता, "धरून बसा, मावशी, समुद्र बिघडला." आणि मावशी, जी पन्नास वर्षं दर्यात गेलेली, जिनं वादळातून होड्या आणलेल्या, ती मावशी काहिलीच्या काठाला धरून, थेट देवमाशाच्या शिंगांवर ओकली.

मी म्हणू शकलो असतो की खाली उतरा, पाणी गुडघाभरच आहे. पण काहिलीत बसलेल्या माणसाला ते सुचत नाही. कुठं उतरायचं आणि कुठल्या दिशेनं चालायचं, हेच कळत नव्हतं.

मग तवा वाजला. टण.

कप्तानानं झाकण आपटलं. ठण. टण आलं, तसा तो तिकडं वळला, बांबू रोवला, ढकललं. काहील फिरली. पुन्हा ठण, पुन्हा टण. एस्तेर पावसात उभी राहून थांबत नव्हती. काही दिसत नव्हतं आणि हा माणूस कान टवकारून, त्या आवाजाच्या धाग्यानं, आम्हाला ओढत नेत होता. मावशीनं पदरानं तोंड पुसलं.

"कोण वाजवतंय?"

"माझी पोरगी."

"आज पाहुणे म्हणून?"

"रोज. घरात आसली की तीच. तिची आई वाजवायची, मग ती."

"आणि पाणी नसतं तेव्हा?"

कप्तानानं बांबू पुन्हा रोवला. "ओहोटीत पन वाजवतो," तो म्हणाला. "सवय मोडू नये. पानी कधी येईल सांगता येत न्हाई."

त्यानं उभ्या आयुष्यात पहिल्यांदा समुद्राला पानी म्हटलं. मावशीच्या ते ध्यानात आलं असावं.

काहील लागली. मावशी उतरली आणि लिंबाला मिठी मारून उभी राहिली, तवा टांगलेला तोच लिंब. एस्तेर हातोडी घेऊन बाजूला, नखशिखांत भिजलेली. बेटावरची माणसं नाचाच्या पोशाखात, गाणं म्हणावं की नाही या विचारात. मावशीला सगळं स्थिर दिसायला बराच वेळ लागला. मग तिनं एस्तेरच्या हातातली हातोडी घेतली, वजन बघितलं आणि एक टण स्वतः मारून पाहिला.

"पन्नास वर्षं दर्यात गेली माझी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "एकदा पण दर्या लागला नाय. आज लागला. आता याला दर्या नाय म्हणू तर माझीच अब्रू जाते."

मग ती एस्तेरकडे वळली.

"आणि आमच्या धक्क्यावर संध्याकाळी होड्यांची वाट बघत उभं राहायला कोण नाय. मी आता थकले." तिनं हातोडी एस्तेरला परत दिली. "मुलगी पसंत हाय. पण परत जाताना मी त्या कढईत बसायची नाय."

पापलेटं खाल्ली, नाच झाला, गाणं झालं. पाऊस उघडल्यावर मावशीनं नऊवारी वर खोचली, म्हशींच्या मागोमाग पाण्यात शिरली आणि गुडघाभर समुद्र चालत पार केला. मधोमध थांबून तिनं मागं वळून बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. कप्तानानं तव्यावर उत्तर दिलं. त्याला रडायला येत होतं, म्हणून तो चुकीच्या ठेक्यात वाजवत होता.

लग्नाला कप्तान तिकडं गेला, तेव्हा त्यानं जन्मात पहिल्यांदा खरा समुद्र बघितला. मी शेजारीच होतो. तो बराच वेळ बघत राहिला. मग बोट ओलं केलं, वर धरलं, चाखलं.

"मीठ जरा जास्त झालंय," तो म्हणाला. "पन मानसं चांगली हाईत."

नंतर एस्तेरला मूल झालं आणि कप्तान नातवासाठी म्हणून महिनाभर गेला तो तिकडचाच झाला. मावशी आणि तो रोज भांडतात, असं एस्तेर सांगते. तिकडं धक्क्यावर त्यानं एक तवा टांगलाय. गेल्या नारळी पौर्णिमेला मुलानं मोबाईलवर फोटो पाठवला. होड्यांची रांग, झेंडे, पताका, आणि प्रत्येक होडीच्या नाळेवर रंगवलेला मासा. त्यातल्या निम्म्या माशांना शिंगं आहेत. उरलेले निम्मे बहुधा मावशीनं अडवले असतील.

यंदा धरण भरलं. टेकाडाला चहूबाजूंनी पाणी लागलं. आता लोक सरकारी लाँचनं ये-जा करतात. तिला नाळ आहे, हॉर्न आहे, ती फिरत नाही, आणि तिच्यात मजा नाही. काहील लिंबाखाली पालथी पडली आहे. देवमाशाचं एक शिंग अजून दिसतं. परवा डेअरीत कुणी नव्हतं. मी उगीच रिकाम्या किटलीवर झाकण आपटलं. ठण. समोर कुणाची पाळी होती कोण जाणे, पण जरा थांबून वरून टण आलं.

मी पेंडीची पोती उचलत होतो. पेंडीचा कोंडा डोळ्यात जातो, दोन्ही डोळ्यांत जातो, हे कुठल्याही डेअरीवाल्याला विचारा. ते डोळे पुसलेलं ओलं बोट मी तसंच वर धरलं आणि मग चाखलं.

वारा खारा होता. यावर तुमचा विश्वास नसेल तर तो तुमचा प्रश्न आहे.